अर्धा तास मनात धरावा

भिवंडीजवळच्या वळ गावचे केसरीनाथ केणे यांनी वयाच्या छप्पनाव्या वर्षी दोन देशांच्या वेळा एकदम दाखवणारे एक भारी स्विस मनगटी घड्याळ घेतले. ही चैन नव्हती, गरज होती, असे त्यांचे प्रामाणिक मत होते. त्यांची एकुलती एक मुलगी रीमा आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली होती. मुलगी ज्या देशात आहे त्या देशात या घडीला किती वाजले हे बापाला ठाऊक असले पाहिजे, एवढाच मुद्दा होता.

बाकी वेळ त्यांच्याकडे भरपूर होता. सर्व्हे नंबर त्र्याऐंशी हे त्यांचे भातशेत आठ वर्षांपूर्वी एका गोदाम कंपनीने लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतले होते. ज्या जागी केसरीनाथ गुडघाभर चिखलात उभे राहून भातरोपांची आवणी करत, त्या जागी आता पांढऱ्या पत्र्याचे एवढे मोठे छप्पर होते की त्याच्या एका टोकाला पाऊस पडे तेव्हा दुसऱ्या टोकाला ऊन असे. तेव्हापासून केसरीनाथ सकाळी ओटीवर बसत आणि संध्याकाळी ओटीवरून उठत.

मुंबईच्या दुकानात विक्रेत्याने काळे हातमोजे चढवले, घड्याळ मखमली तबकात ठेवले आणि निळ्या टोकाचा चौथा काटा बाजूच्या चावीने एकेक घर सरकवून दाखवला. हा काटा चोवीस तासांत एकच फेरा घेई आणि फक्त परदेशाचा तास दाखवी. प्रत्येक घराला घड्याळ बारीक टक् करी, वाळलेल्या चिंचेचे टरफल फुटावे तसे. केसरीनाथांना तो आवाज इतका आवडला की त्यांनी काटा जगाभोवती दोनदा फिरवून घेतला. मग आयर्लंड लावायला सांगितले. उन्हाळ्यात आयर्लंड आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, आणि काटा तर पूर्ण तासाचीच उडी घेत होता.

"सर, हे घड्याळ पूर्ण तासांच्या देशांसाठी बनवलेलं आहे," विक्रेता अदबीने म्हणाला. "आपला देश साडेपाचवाला. अर्धा तास मनात धरावा लागतो. आमचे सगळे ग्राहक मनातच धरतात."

केसरीनाथांना यात काही वावगे वाटले नाही. एवढ्या मोठ्या वस्तूत थोडे काम मालकाकडेही राखून ठेवलेले असणारच. घरी आल्यावर त्यांनी ही गोष्ट पत्नी पुतळाबाईंना समजावून सांगितली.

"मंग सगलंच मनात धरायचं," पुतळाबाई म्हणाल्या.

त्यांचे स्वतःचे गणित वेगळे होते. दुपारची भांडी घासून झाली की रीमाची सकाळ, आणि देवापुढे दिवा लावला की रीमाची दुपार. हे गणित कधी चुकले नव्हते, पण ते कुठे लिहिलेले नव्हते आणि त्याला पाच वर्षांची आंतरराष्ट्रीय हमीही नव्हती. त्यामुळे केसरीनाथ ते ग्राह्य धरत नसत.

घड्याळ हातात आल्यापासून केसरीनाथांची गावातली ओळख बदलली. हळदीला, साखरपुड्याला, ग्रामसभेला कोणी सहज वेळ विचारली तर ते बाही वर करत आणि सांगत, "सव्वाअकरा. रीमाकडे पावणेसात." विचारणाऱ्याला एका वेळेच्या जागी दोन मिळत. एका लग्नात भटजींनी मुहूर्ताला किती अवकाश आहे असे विचारले, तेव्हा केसरीनाथांनी तो कॉर्कच्या वेळेतही सांगितला. नवऱ्या मुलाच्या मामांना त्याचा फार अभिमान वाटला.

घड्याळाचा एक फायदा मात्र त्यांनी गृहीत धरला नव्हता. आता फोन करावा लागत नसे. पूर्वी ते रीमाला फोन करून उठलीस का, जेवलीस का असे विचारत. आता काटा पाहिला की कळे. साडेसहा, म्हणजे उठली. नऊ, म्हणजे ड्युटीवर. एक, म्हणजे डबा खात असेल. जे मनगटावर दिसते ते मुलीला विचारून तिचा वेळ का घ्यायचा? रविवारी फोन होई, पण तो पुतळाबाई करत. केसरीनाथ बाजूला बसून वेळेची खातरजमा करत.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आयर्लंडचे सरकार देशातली सगळी घड्याळे एक तास मागे घेते. या सरकारी कामात वळ गावातून सहभागी होणारे केसरीनाथ एकटेच. त्यांनी आंघोळ केली, ओटीवर चटई टाकली आणि चावी मागे फिरवली. टक् झाले नाही. त्यांनी जरा जोर केला. तेव्हा निळा काटा सुटून खाली लोंबला. तेव्हापासून आयर्लंडमधली वेळ केसरीनाथांच्या हाताच्या हालचालीवर ठरू लागली. हात वर केला की रीमाकडे मध्यरात्र होई, खाली सोडला की भर दुपार.

दुसऱ्या दिवशी ते भिवंडीत मंडईजवळ फखरुद्दीन यांच्या दुकानात गेले. फखरुद्दीनच्या घराण्यात सगळ्यांचे कापडाचे लूम होते. त्या खडखडाटाला कंटाळून हा एकटा चाळीस वर्षांपूर्वी टिकटिकीकडे वळला होता. त्याने डोळ्याला भिंग लावले, घड्याळ उजवीकडे डावीकडे कलते केले आणि भिंग काढले.

"केसरीभाई, काटा आपल्या दांडीवर ढिला झालाय. मागचं झाकण खोलायचं, दाबून बसवायचं. काम दोन मिनिटांचं, चहा आठ मिनिटांचा. दहा मिनिटं बस."

केसरीनाथांनी खिशातून हमीपत्र काढले. त्याला त्यांनी प्लास्टिकचे आवरण करून घेतले होते. अनधिकृत व्यक्तीने झाकण उघडल्यास हमी संपुष्टात येईल, असे त्यावर पाच भाषांत छापले होते. फखरुद्दीनने ते वाचले, परत दिले आणि चहा मात्र सांगितला. आपण चाळीस वर्षे अनधिकृत आहोत हे त्याला त्या दिवशी कळले.

मुंबईतल्या अधिकृत सेवा केंद्रात केसरीनाथांनी काटा ढिला झाल्याचे सांगितले. तिथल्या बाईंनी नम्रपणे कळवले की दोषाचे निदान करण्याचा अधिकार ग्राहकाला नाही, ग्राहकाने फक्त तक्रार करायची असते. मग त्यांनी दोषाच्या रकान्यात लिहिले, 'ग्राहकास आयर्लंडची वेळ पटत नाही.' हे प्रकरण स्वित्झर्लंडच्या कारखान्यातच सुटेल, त्याला बारा आठवडे लागतील, असेही सांगितले. ईमेल सक्तीचा होता. केसरीनाथांना ईमेल नव्हता, म्हणून त्यांनी रीमाचा दिला.

नवव्या दिवशी रीमाला संदेश आला की घड्याळाचे पार्सल भिवंडी केंद्रात पोहोचले आहे. दहाव्या दिवशीही तोच आला. विसाव्या दिवशीही तोच. रीमाने पार्सलच्या प्रवासाचा सगळा तपशील उघडून केंद्राचा पत्ता वाचला आणि वडिलांना फोन केला.

"बाबा, सर्व्हे नंबर त्र्याऐंशी लिहिलंय. हे आपलंच शेत नाही का?"

केसरीनाथ ओटीवरून उठले. पूर्वी बांधावरून गेले तर शेत सात मिनिटांवर होते. आता भिंतीला वळसा घालून फाटकापाशी पोहोचायला पंचवीस मिनिटे लागली. फाटकावर गणवेशात धनेश उभा होता. तो त्यांचा चुलत पुतण्या. लहानपणी याच शेतात तो केसरीनाथांच्या खांद्यावर बसून पाखरे हाकत असे. त्याने वाकून नमस्कार केला आणि फोनवरचे प्रवेशाचे ॲप उघडले. येणाऱ्याने आपण कोण ते त्यात निवडायचे होते. चालक, हमाल, लेखापरीक्षक, उपाहारगृह आणि इतर शासकीय असे पर्याय होते.

"मालक न्हाय यात," धनेश ओशाळून म्हणाला. "नाना, तुमी उपाहारगृह व्हा."

उपाहारगृह होऊन केसरीनाथ पहिल्या काचेच्या दारापर्यंत गेले. तिथे प्रितेश नावाचा पर्यवेक्षक आला. तिशीतला, सभ्य, डोळे कायम थकलेले. त्याने क्रमांक घेऊन संगणकात पाहिले. पार्सल इथेच होते, पण कागदावर घड्याळ 'वैद्यकीय उपकरण' असे नोंदले गेल्याने त्याचे परदेशगमन थांबले होते. सेवा केंद्राच्या मालप्रकारांच्या यादीत दोषाच्या रकान्यातल्या 'आयर्लंड', 'वेळ' आणि 'पटत नाही' यांना मिळून हाच एक शब्द जवळचा होता.

केसरीनाथ म्हणाले, माझेच आहे, द्या. प्रितेशने शांतपणे समजावले की पाठवणारे सेवा केंद्र आहे, घेणारा कारखाना आहे.

"काका, नोंदीप्रमाणे तुम्ही या पार्सलचे कोणीच लागत नाही."

सेवा केंद्राने सांगितले तर ते परत पाठवता येईल, असेही त्याने सुचवले. सेवा केंद्र लगेच तयार झाले, फक्त परतीचा पत्ता मागितला. तो टाकल्यावर संगणकाने कळवले की वळ या गावी कंपनीची घरपोच सेवा उपलब्ध नाही. केसरीनाथांनी विचारले की अर्ध्या देशाचा माल जिथून निघतो तिथेच तो पोहोचत कसा नाही? कंपनीच्या फोनवरच्या माणसाने सांगितले की त्या भागात गोदामे फार असल्यामुळे घरे आढळत नाहीत.

या सगळ्यात दोन महिने गेले. मनगटावर पांढरा पट्टा राहिला होता, आणि केसरीनाथांना रीमाची वेळ कळेनाशी झाली होती. पुतळाबाईंना विचारायचा त्यांना संकोच वाटे. म्हणून ते सरळ रीमालाच फोन करू लागले. तिथे किती वाजले, एवढेच विचारायचे असे. पण किती वाजले हे सांगताना रीमा आणखी काही सांगून जाई. साडेतीन वाजलेत बाबा, पण अंधारून आलंय. सकाळचे सात वाजलेत, आणि शेजारची पोलिश बाई आजही गाणी लावून भांडी घासतेय. एकदा ती म्हणाली की सकाळचे आठ वाजलेत आणि आज जिना चढताना दम लागला नाही, सप्टेंबरात आजारी होते तेव्हा फार लागायचा.

केसरीनाथांनी विचारले, आजारी कधी? तेव्हा कळले की सप्टेंबरात अकरा दिवस ती तापाने खोलीत एकटी पडून होती. आईला काळजी वाटेल म्हणून सांगितले नव्हते. फोन ठेवल्यावर केसरीनाथांनी मनगटावरच्या पांढऱ्या पट्ट्याकडे पाहिले. त्या अकरा दिवसांतली प्रत्येक वेळ त्यांनी पाहिली होती. साडेसहाला ती उठली होती, नऊला ड्युटीवर गेली होती, एकला तिने डबा खाल्ला होता. घड्याळ एका मिनिटानेही चुकले नव्हते.

यावरून काय तो बोध कुणीही घेतला असता. केसरीनाथांनी असा घेतला की घड्याळ परत मिळालेच पाहिजे.

मार्ग धनेशने सांगितला. भाडेपट्ट्याच्या सतराव्या पानावर एक कलम होते की जमीनमालकाच्या कुटुंबातील एका व्यक्तीला गोदामात नोकरी देण्यात येईल. कुटुंबातली व्यक्ती म्हणून केसरीनाथांनी स्वतःचाच अर्ज केला. कंपनीने अर्जदार जमीनमालकाचा नातेवाईक असल्याचा दाखला मागितला. ते तलाठ्याकडे गेले. तलाठ्याने सातबारा पाहिला, आधार कार्ड पाहिले, आणि दोन्हीकडे एकच नाव आढळल्याने प्रकरण गंभीर असल्याचे सांगितले. दाखल्यात मुलगा, मुलगी, पत्नी, सून असे पर्याय होते, स्वतः हा नव्हता. तीन हेलपाट्यांनंतर तलाठ्याने हाताने लिहून शिक्का मारला की श्री. केसरीनाथ केणे हे श्री. केसरीनाथ केणे यांचे सख्खे आहेत.

जानेवारीत केसरीनाथ आपल्या शेतात कामाला लागले. त्यांना निळे जाकीट, पुढून पोलादी बूट आणि गळ्यात ओळखपत्र मिळाले. पहिल्या दिवशीच्या प्रशिक्षणात सांगण्यात आले की आत येताना अंगठी, साखळी आणि घड्याळ घालण्यास मनाई आहे, आणि बाहेर जाताना प्रत्येकाची झडती होईल. झडती घेणारा धनेश होता. तो रोज संध्याकाळी काकांचे खिसे चाचपी आणि मान खाली घाली.

चौथ्या दिवशी पार्सल सापडले. अठ्ठावीस नंबरच्या रॅकवर 'निर्णय प्रलंबित' अशी पाटी होती, तिथे वरच्या फळीवर, भिंतीच्या बाजूला. खोका वीतभर होता. केसरीनाथांनी तो हातात घेतला आणि हळूच हलवला. हे घड्याळ किल्लीचे नव्हते, हाताच्या हालचालीवर चालणारे होते. तीन दिवस कुणी हलवले नाही की ते बंद पडते. खोका कानाला लावल्यावर थोड्या वेळाने आत टिकटिक सुरू झाली. केसरीनाथांचे डोळे भरून आले. त्यांनी खोका जागेवर ठेवला, कारण तो त्यांचा नव्हता.

तेव्हापासून ते चहाच्या सुट्टीत रोज रॅकपाशी जात, खोका मिनिटभर हलवत आणि कानाला लावत. मिनिटभर हलवून घड्याळ जेमतेम दिवसभर चाले, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी ते बंद पडायला नको म्हणून ते रविवारीही येऊ लागले. कंपनीने त्यांना शंभर टक्के हजेरीचे प्रमाणपत्र दिले. पुतळाबाईंना नवरा सकाळी डबा घेऊन जातो आणि संध्याकाळी दमून येतो याचे एवढे बरे वाटले की घड्याळ घरी येऊ नये असा त्यांनी नवस बोलला.

मार्चमध्ये प्रितेशने त्यांना बोलावून कॅमेऱ्याचे चित्रण दाखवले. एक प्रौढ कामगार रोज एकाच वेळी एकाच पार्सलला जोजवतो आहे आणि त्याला कान लावून बसतो आहे, असे त्यात स्पष्ट दिसत होते. संगणकाने या वर्तनाला 'अनाकलनीय' असा शेरा दिला होता. केसरीनाथांनी सगळे सांगितले. कॉर्क, ताप, काटा, सतरावे पान. प्रितेशने चित्रण बंद केले. त्याचे आईवडील यवतमाळला होते आणि दोन वर्षांत तो घरी गेला नव्हता.

मग त्याने धाडस केले. 'स्वतः नेणे' हा पर्याय निवडला, सेवा केंद्राकडून फोनवर संमती घेतली, आणि घेणाऱ्याची ओळख म्हणून केसरीनाथांचे ओळखपत्र यंत्राला दाखवले. यंत्राने हिरवा दिवा लावला. पार्सल ग्राहकास प्रत्यक्ष मिळाल्याची नोंद झाली.

केसरीनाथ खोका छातीशी धरून फाटकाकडे निघाले. तिथे यंत्र वाजले. आतून वस्तू बाहेर न्यायला पास लागतो, आणि पासासाठी धनेशने क्रमांक टाकला. यंत्राने सांगितले की या क्रमांकाची वस्तू आधीच बाहेर गेली आहे. जी बाहेर गेली तिला बाहेर जाण्याचा पास देता येत नाही. धनेशने तीनदा क्रमांक टाकला. मागे पाळी सुटलेल्या कामगारांची रांग लागली, वर कॅमेरा होता.

"नाना, मशिनच्या हिशेबानं तुमचं घड्याल घरी पोचलंय," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मंग हे हातात कोनाचं हाय? हे मी सोडलं तर उद्या मना घरी बसवतील."

धनेशच्या लग्नाची बोलणी चालू होती, आणि मुलीकडच्यांनी कंपनीत पर्मनंट आहे का एवढाच एक प्रश्न विचारला होता. केसरीनाथांनी त्याच्याकडे पाहिले, खोक्याकडे पाहिले. मग ते रांग सोडून आत परतले आणि खोका अठ्ठावीस नंबरवर ठेवून आले. प्रितेशने नवी नोंद करण्याचा खूप प्रयत्न केला, पण पोहोचलेली वस्तू पुन्हा पोहोचवण्याची सोय कुठेच नव्हती. अशा वस्तूंना गोदामाच्या भाषेत 'नसलेला माल' म्हणतात. तो ठेवता येतो, कारण तो नसतो.

तोवर रीमाला पार्सल मिळाल्याचा ईमेल गेला होता. तिचा लगेच फोन आला. ती फार आनंदात होती. मिळालं ना बाबा, कसं चाललंय? केसरीनाथांनी गोदामाच्या आवारात उभे राहून, एका कानावर हात ठेवून सांगितले की मिळालं, झकास चाललंय. मुलीशी ते पहिल्यांदाच खोटे बोलले होते. पण नोंद त्यांच्या बाजूने होती.

फोन ठेवताच त्यांच्या मोबाइलवर एक संदेश आला. आमची सेवा आपणास कशी वाटली, पाचपैकी तारे द्यावेत. केसरीनाथ तो घेऊन प्रितेशकडे गेले. प्रितेशने खाली बघत सांगितले की पाचाहून कमी तारे आले तर चौकशी लागते. कॅमेरे तपासले जातात, फाटकावरचा माणूस बदलतात, पर्यवेक्षकाचेही काही खरे नसते. केसरीनाथांनी पाच तारे दाबले. खाली चार ओळी लिहिणे सक्तीचे होते. त्यांनी चष्मा लावून लिहिले: 'माझे मौल्यवान घड्याळ सुस्थितीत मिळाले. रोजच्या रोज काळजी घेतली गेली. कर्मचारी घरच्यासारखे आहेत. नाजूक वस्तू याच कंपनीकडून पाठवाव्यात.'

कंपनीच्या संकेतस्थळावर हा अभिप्राय सध्या सर्वात वर आहे. चार हजार दोनशे अकरा जणांनी तो उपयुक्त असल्याचे नोंदवले आहे. मागच्या आठवड्यात कुणामार्फत पाठवावे याचा विचार करताना तुम्हीही तो वाचलात, आणि मग निर्धास्त होऊन बटण दाबलेत. तुमचे पार्सल काल दुपारी भिवंडी केंद्रात पोहोचले आहे. त्यावर 'नाजूक' लिहिलेले असल्यामुळे केसरीनाथांनी ते दुसऱ्या कुणाला उचलू दिले नाही. वरच्या फळीवर, भिंतीच्या बाजूला, स्वतः नेऊन ठेवले आहे.